विज्ञानसंवादाची पदव्युत्तर पदवी: कुठे, कितीत आणि पुढे कोणतं काम?

बुरशी_बहाद्दर (धागाकर्ता)

सूक्ष्मजीवशास्त्रातल्या एम.एस्सी.चं शेवटचं सत्र चालू आहे. पीएच.डी. करायची नाही आणि विज्ञान सोडायचंही नाही. विज्ञानसंवाद म्हणजे सायन्स कम्युनिकेशनची एक वर्षाची पदवी इंग्लंडमध्ये मिळते असं कळलं. तिथे नेमकं शिकवतात काय, खर्च किती, भारतात तसं काही आहे का, आणि परत आल्यावर कोणत्या नावाच्या जागांसाठी अर्ज करायचे? मराठीत काम करायची इच्छा आहे, त्यावर पोट भरेल का हेही सांगा. "आवड असेल तर कर" हा प्रतिसाद आल्याचं आधीच गृहीत धरलं आहे. :)

उपसंपादक

नोकरीचा प्रश्न आधी घेतो, बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

"सायन्स कम्युनिकेटर" असं पद जाहिरातीत क्वचित दिसतं. संशोधन संस्थांमध्ये ते कम्युनिकेशन ऑफिसर, आउटरीच असोसिएट, प्रोजेक्ट असिस्टंट अशा नावांखाली असतं. बहुतेक जागा कंत्राटी, एकेका वर्षाच्या, प्रकल्पाच्या पैशातून निघालेल्या. प्रकल्प संपला की जागाही संपते. औषध कंपन्या आणि त्यांना सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांमध्ये मेडिकल रायटर असतो. पगाराच्या दृष्टीने सगळ्यात भरवशाची वाट हीच, आणि तुमची पदवी तिथे थेट चालते. विज्ञान केंद्रांमध्ये एज्युकेशन असिस्टंट आणि क्युरेटर. मग वृत्तपत्रं, संकेतस्थळं, पाठ्यसामग्री बनवणाऱ्या संस्था. शेवटी विज्ञानसंवादावरच संशोधन, पण त्याला पीएच.डी. लागते आणि ती तुम्हाला नको आहे.

गोची अशी की या कामांत साम्य फार थोडं. मेडिकल रायटरला विनोदी लिहिता आलं नाही तरी चालतं, पण तक्त्यातला आकडा आणि मजकुरातला आकडा जुळला नाही तर चालत नाही. क्युरेटरला उत्तम परिच्छेद लिहिता येण्यापेक्षा सुतारकामाचं आणि विद्युतजोडणीचं आरेखन वाचता येणं जास्त उपयोगी. त्यामुळे आधी काम ठरवा आणि मग अभ्यासक्रम. उलटं केलं की पदवी हातात येते आणि तरी सगळ्या जाहिरातींत एकेक अट कमी पडते.

टॉर्चवाली

अभ्यासक्रमात काय असतं ते सांगते.

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचा एम.एस्सी. १९९१पासून चालू आहे, या विषयातल्या जुन्या अभ्यासक्रमांपैकी एक. त्याशिवाय ब्रिस्टलचं युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट ऑफ इंग्लंड, एडिंबरा, मँचेस्टर आणि आयर्लंडमध्ये डब्लिन सिटी युनिव्हर्सिटी. ढोबळमानाने निम्मा भाग सिद्धांताचा, निम्मा हाताने करायचा: लेखन, ध्वनी, चित्रफीत, प्रदर्शन, कार्यक्रमाचं नियोजन आणि शेवटी प्रबंध किंवा प्रकल्प. एडिंबरात लोकसहभागावर भर आहे, मँचेस्टरमध्ये आरोग्यावर. नावं सारखी दिसली तरी विषयांची यादी उघडून बघा.

सिद्धांताला लोक नाकं मुरडतात, पण तिथेच दृष्टी बदलते. १९८५मध्ये रॉयल सोसायटीने वॉल्टर बॉडमर यांच्या अध्यक्षतेखाली अहवाल काढला. त्याचा सूर असा, की लोकांना विज्ञान समजावून सांगायला हवं. त्यानंतर "माहितीची उणीव भरली की लोक पटवून घेतील" या समजावर टीका सुरू झाली. १९८६च्या चेर्नोबिल अणुदुर्घटनेनंतर उत्तर इंग्लंडमध्ये कम्ब्रियातल्या मेंढपाळांचा समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी केलेला अभ्यास आजही पहिल्या काही आठवड्यांत येतो. शास्त्रज्ञ म्हणाले, मेंढ्यांच्या विक्रीवरचे निर्बंध थोड्या आठवड्यांत उठतील. काही ठिकाणी ते २०१२पर्यंत टिकले. तिथल्या आम्लधर्मी पीटच्या (कुजलेल्या वनस्पतींच्या) मातीत किरणोत्सारी सीझियम वेगळं वागत होतं आणि आधीचे अंदाज चिकणमातीवरून बांधले होते. मेंढ्या कुठे चरतात, कुंपणात कोंडल्या तर काय होतं, हे मेंढपाळांना ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलंच नाही.

आपल्याकडचं उदाहरण बीटी वांग्याचं, म्हणजे किडीला तोंड देण्यासाठी जीवाणूचं जनुक घातलेल्या वांग्याचं. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीचं वाण, आणि जानेवारी-फेब्रुवारी २०१०मध्ये सात शहरांत झालेल्या जनसुनावण्या, त्यात नागपूरही होतं. ९ फेब्रुवारी २०१०ला तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती जाहीर केली. "लोक अडाणी म्हणून विरोध करतात" एवढ्यावर या प्रकरणाचा लेख लिहिणारा माणूस पहिल्याच परिच्छेदात घसरतो. बियाण्याची मालकी, लेबल, चाचण्या कुणी केल्या, हे प्रश्न जीवशास्त्राचे नसले तरी खरे होते.

जुना_मजकूर

टॉर्चवालीताई, मुद्दा मान्य, पण हे सगळं "जेकॉम" या मुक्त नियतकालिकात फुकट वाचता येतं. त्यासाठी काही लाखांचं कर्ज?

टॉर्चवाली

वाचून सिद्धांत येतो. मुलाखत घेणं, वीस मिनिटांच्या ध्वनिमुद्रणातून दीड मिनिट काढणं, आणि दर आठवड्याला कुणीतरी मजकूर लाल करून परत देणं, हे वाचून येत नाही. पदवीचे पैसे त्या लाल शाईचे आहेत. ती लाल शाई नोकरीत मिळणार असेल तर पदवी नको, इथवर मी तुमच्या बाजूची.

शेवटचा_ड्राफ्ट

खर्चाचं बघू. शुल्काचा आकडा देत नाही, दर वर्षी बदलतो. प्रवेशवर्षाचाच आकडा विद्यापीठाच्या पानावर "परदेशी विद्यार्थी" या रकान्यात पाहा. बाकीचे आकडे असे.

विद्यार्थी व्हिसासाठी राहणीखर्च दाखवावा लागतो. नोव्हेंबर २०२५पासून लंडनसाठी महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड, जास्तीत जास्त ९ महिन्यांचा. म्हणजे लंडनला १३,७६१ आणि बाहेर १०,५३९ पौंड, वर उरलेलं शुल्क. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत यायला हवा. व्हिसा नाकारला जाण्याची नेहमीची कारणं इथेच आहेत. मधल्या एका दिवशी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. रुपयांतली रक्कम अर्जाच्या तारखेच्या ओअँडा (चलनदरांचं संकेतस्थळ) दराने पौंडात धरतात, म्हणून काठावर पैसे ठेवू नका, पाच-सात टक्के जास्त ठेवा. खातं आईवडिलांचं असेल तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र लागतं. बँकेच्या शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र असेल तर २८ दिवसांची भानगड नाही.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड. पण १२ महिन्यांच्या अभ्यासक्रमाला पुढचे चार महिने धरून व्हिसा मिळतो, आणि वरचे महिने अर्धं वर्ष म्हणून मोजतात, म्हणून दीड वर्षाचे, म्हणजे १,१६४ भरावे लागतात. हा आकडा हिशेबात धरायचा बरेच जण विसरतात. क्षयरोग तपासणीचं प्रमाणपत्रही लागतं, ते सहा महिने चालतं. फार आधी काढून ठेवू नका.

आता कडू भाग. शिक्षणानंतर राहून काम करायचा ग्रॅज्युएट रूट दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो १८ महिन्यांचा आहे. पुढे स्किल्ड वर्कर व्हिसासाठी जुलै २०२५पासून लागणारा सर्वसाधारण किमान वार्षिक पगार ४१,७०० पौंड, नवख्यांना ३३,४००. विद्यापीठांतल्या आणि संग्रहालयांतल्या सुरुवातीच्या संवाद-जागा अनेकदा याच्या खाली असतात. "कर्ज तिकडेच फेडू" हा बेत या क्षेत्रात संगणकवाल्यांसारखा चालत नाही. फेड रुपयांतल्या पगारातून होईल असं धरून हप्ता काढा. तो झेपत नसेल तर शिष्यवृत्तीशिवाय जाऊ नका.

निळी_शाई

शिष्यवृत्त्यांबद्दल. चिवनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला पदवीनंतरचा किमान २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायचं बंधन असतं. शेवटच्या सत्रातल्या विद्यार्थ्याला ती लगेच मिळणार नाही, पण दोन वर्षं इथे काम करून मग अर्ज करणं हाच या क्षेत्रात शहाणा क्रम आहे. कामाचे नमुनेही तेवढ्यात जमतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिथे विद्यापीठ क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत ठराविक क्रमांकाच्या आत असावं लागतं. ही क्रमवारी एकूण विद्यापीठाची, विषयाची नव्हे. इम्पिरियल, एडिंबरा, मँचेस्टर सहज बसतात. ब्रिस्टलमधला वेस्ट ऑफ इंग्लंडचा अभ्यासक्रम या विषयात नावाजलेला असूनही बसत नाही. अर्ज करण्याआधी त्या वर्षाचा शासन निर्णय आणि त्या वर्षाचीच क्रमवारी ताडून बघा.

आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ६.५ पुरतील असं धरू नका. लिहिण्याबोलण्याचा विषय असल्यामुळे बहुतेक ठिकाणी ७ मागतात आणि प्रत्येक घटकातही किमान गुण असतो. "लेखन" घटकात अर्ध्या बँडने अडकणारे सर्वाधिक.

उपसंपादक

इटलीत त्रिएस्तेच्या सिस्सा संस्थेत १९९३पासूनचा मास्टर आहे, पण तो इटालियनमधून चालतो. नाव इंग्रजीत दिसतं म्हणून हुरळून जाऊ नये. अमेरिकेत सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला अभ्यासक्रम विज्ञान शिकलेल्यांसाठीच, वर्ग साधारण दहा जणांचा आणि भर सरळ पत्रकारितेवर.

काचपट्टी

भारतातल्या पर्यायांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

नेमकं याच नावाचं, वर्षानुवर्षं नेमाने चालणारं पदव्युत्तर शिक्षण आपल्याकडे विरळा. पण शेजारची दारं चांगली आहेत. चित्र, आरेखन, अ‍ॅनिमेशन याकडे कल असेल तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात एम.डेस., म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी; त्यासाठी सीड ही परीक्षा, जानेवारीत होते. पत्रकारितेसाठी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि मराठी पत्रकारितेची पदविका भारतीय जनसंचार संस्थेच्या (आयआयएमसी) अमरावती केंद्रात. संशोधनाकडे वळलात तर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि दिल्लीची सीएसआयआर-निस्पर. निस्पर २०२१मध्ये निस्केअर आणि निस्टॅड्स या दोन संस्था एकत्र करून झाली. "सायन्स रिपोर्टर" आणि "विज्ञान प्रगती" तिथूनच निघतात.

सरकारी जागांवर सगळी मदार ठेवू नका. १९८९पासूनची विज्ञान प्रसार ही संस्था २०२३मध्ये बंद झाली. विज्ञान संग्रहालयांची राष्ट्रीय परिषद मात्र भक्कम आहे. मुंबईचं नेहरू विज्ञान केंद्र, नागपूरचं रामन विज्ञान केंद्र, पणजीचं गोवा विज्ञान केंद्र ही तिचीच. तिथल्या जाहिराती विज्ञानाची किंवा अभियांत्रिकीची पदवी मागतात, विज्ञानसंवादाची नाही. तेव्हा त्या वाटेला जायचं असेल तर परदेशी पदवीने पात्रता वाढत नाही.

प्रदर्शनाच्या कामाची चव घ्यायची तर एक मांडणी करून बघा. लेबल ५० ते ७५ शब्दांत बसवायचं. माणूस उभ्याने, गर्दीत, हाताला मूल धरून वाचतो. पहिलं वाक्य "काय करायचं" हे सांगणारं हवं, तत्त्व नंतर. पुठ्ठ्याचा नमुना करून दहा अनोळखी लोकांसमोर ठेवा आणि मध्ये एक शब्द बोलू नका. बहुतेक मांडण्या इथे पडतात, कारण बनवणारा शेजारी उभा राहून समजावत असतो आणि त्याला वाटतं मांडणीच समजावतेय.

शेवटचा_ड्राफ्ट

मेडिकल रायटिंगचं सविस्तर, कारण धागाकर्त्याला ते सगळ्यात जवळचं.

काम दोन प्रकारचं. एक नियामक: औषधचाचणीचा अहवाल आयसीएच ई-३ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेच्या साच्यात लिहायचा. दुसरं प्रकाशनाचं: शोधनिबंध, गोषवारा, परिषदेतलं भित्तिपत्र. यांच्यामध्ये एक तुकडा अस्सल विज्ञानसंवादाचा आहे. युरोपीय संघाच्या ५३६/२०१४ या नियमानुसार चाचणी संपल्यावर एका वर्षात, लहान मुलांवरची असेल तर सहा महिन्यांत, सामान्य माणसाला कळेल असा सारांश जाहीर करावा लागतो. "दुष्परिणाम" आणि "चाचणीदरम्यान झालेला त्रास" हा फरक त्यात सांभाळावा लागतो. चाचणी चालू असताना पाय मोडला तर तो नोंदवायचा, पण औषधाने मोडला असं ध्वनित होऊ द्यायचं नाही.

भरतीत लेखी चाचणी असतेच. नेहमीचा नमुना म्हणजे एक निबंध देतात, त्यातला गोषवारा काढून टाकलेला असतो. तो २५० ते ३०० शब्दांत लिहायचा. सोबत एक तक्ता आणि त्यावरचा मुद्दाम चुका पेरलेला परिच्छेद. नापास होणारे बहुधा इंग्रजीत नापास होत नाहीत. टक्केवारीचा छेद कुठला, "यादृच्छिक निवड झालेले" की "किमान एक मात्रा घेतलेले", हे न पाहता लिहितात आणि तिथे जातात. कॉन्सॉर्टची (चाचण्यांचे निष्कर्ष मांडण्यासाठीची) तपासयादी आणि आयसीएमजेईचे, म्हणजे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या समितीचे, लेखकत्वाचे निकष वाचून जा. वर्डमधल्या स्टाइल्स, क्रॉस-रेफरन्स, ट्रॅक चेंजेस सफाईने यायला हवेत. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण २०० पानांचा दस्तऐवज आठ जण एकाच वेळी तपासतात तेव्हा कळतं.

निळी_शाई

संस्थेच्या संपर्क विभागात जायचं असेल तर एम्बार्गो समजून घ्या. शोधनिबंध ठरलेल्या क्षणापर्यंत जाहीर करायचा नसतो. "नेचर"ची वेळ बुधवारी लंडनचे दुपारी ४, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ९.३०. "सायन्स"ची गुरुवारी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची दुपारी २, म्हणजे आपल्याकडे शुक्रवार उजाडून ००.३०. प्रसिद्धिपत्रक आधी तयार करून, लेखकांकडून आणि दुसऱ्या देशातल्या सहलेखकांच्या संस्थेकडून मंजूर करून ठेवावं लागतं. ही मंजुरी दोन दिवसांत येईल असं धरणारा हमखास फसतो. दहा दिवस धरा. पत्रकात निबंधाचा डीओआय (कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक), निधी कुणाचा, मर्यादा काय, आणि प्रयोग उंदरांवर असेल तर ते शीर्षकात किंवा पहिल्या ओळीत. "उंदरांत" हा शब्द चौथ्या परिच्छेदात ठेवला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात कर्करोगावर औषध सापडलेलं असतं.

जुना_मजकूर

मराठीबद्दल लिहितो.

फक्त मराठी विज्ञानलेखनावर घर चालत नाही. मानधन थोडं, उशिरा येणारं. पण मराठी ही जोडीची ताकद म्हणून फार कामाची आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६पासून आहे, तिची पत्रिका निघते. बेंगळुरूचं "रिसर्च मॅटर्स" इंग्रजीबरोबर मराठीतही संशोधनवार्ता देतं. विश्वकोशाची ज्ञानमंडळं नोंदी लिहून घेतात. ही ठिकाणं नमुने जमवायला उत्तम, कारण तिथे विषयतज्ज्ञ मजकूर तपासतो.

आणि नमुने तपासताना काय बघतात? पहिलं, संख्या. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे अब्ज, ट्रिलियन म्हणजे लाख कोटी. पुण्यातल्या आयुका आणि आयसर या संस्थांच्या शास्त्रज्ञांनी इतरांसोबत शोधलेला "सरस्वती" हा दीर्घिकांचा महासमूह २०१७मध्ये जाहीर झाला. तो चार बिलियन, म्हणजे ४०० कोटी प्रकाशवर्षं दूर. एक शून्य इकडेतिकडे झालं तर लेख गेला.

दुसरं, परिभाषा. अँटिबॉडी म्हणजे प्रतिपिंड, अँटिजेन म्हणजे प्रतिजन, अँटिबायोटिक म्हणजे प्रतिजैविक. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत, पण आंधळेपणाने घेऊ नका. रेझिस्टन्स विजेत "रोध", जीवाणूंत "प्रतिरोध". "प्रतिकारशक्ती" लिहिलंत की वाचकाला रुग्णाची ताकद वाटते. संख्याशास्त्रातलं सिग्निफिकंट म्हणजे "महत्त्वाचं" नव्हे, "निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता कमी असलेलं". एका शब्दात मावत नसेल तर वाक्य खर्च करा.

तिसरं, जोखीम. "धोका ५० टक्क्यांनी वाढतो" हे वाक्य दहा हजारांत दोनाचे तीन झाले तरी खरंच असतं. दोन्ही आकडे द्यायचे.

अवांतर: "शास्त्रज्ञांचा दावा" हे शीर्षक दिसलं की बातमीदाराने निबंध उघडलेला नाही असं खुशाल समजावं.

बुरशी_बहाद्दर

मंडळी, भरभरून दिलंत. म्हणजे आधी मेडिकल रायटिंग किंवा संस्थेतली जागा, सोबत मराठी नमुने, दोन वर्षांनी चिवनिंग. नमुन्यासाठी पहिला विषय प्रतिजैविक प्रतिरोध घेऊ का? किती नमुने लागतात?

जुना_मजकूर

घे, विषय तुझाच आहे. एकच सापळा: "शरीराला औषधाची सवय होते" असं लिहू नकोस. सवय शरीराला होत नाही. औषधातून वाचलेले जीवाणू वाढतात आणि जनुकं एकमेकांना देतात. मराठीतले निम्मे लेख याच वाक्यावर पाय घसरून पडलेत. ६०० शब्द, एक आकृती, आणि निबंधातल्या लेखकांखेरीज दुसऱ्या एका तज्ज्ञाचं मत. ते मत मिळवताना ईमेलमध्ये तीनच प्रश्न पाठव, दहा पाठवलेस तर उत्तर येत नाही.

टॉर्चवाली

नमुने पाच पुरेत, पण पाचही वेगळ्या जातीचे: बातमी, मुलाखत, समजावणारा लेख, प्रसिद्धिपत्रक, आणि एक लेखनाबाहेरचं, म्हणजे चित्रफीत किंवा मांडणी. नुसत्या ब्लॉगवरचे नकोत, किमान दोन दुसऱ्या कुणीतरी संपादित केलेले हवेत. प्रवेशअर्जातही हेच चालतात. निवेदनात "लहानपणापासून कुतूहल" हे शब्द आले की वाचणारा पुढच्या अर्जाकडे वळतो. त्याऐवजी या पाचातला एक घ्या, काय चुकलं आणि कसं दुरुस्त केलं ते लिहा.

काचपट्टी

निळी_शाई, वेळांबाबत एक दुरुस्ती. तुम्ही दिलेल्या हिवाळ्यातल्या. तिकडची घड्याळं तासाने पुढे गेली की "नेचर" रात्री ८.३० आणि "सायन्स" गुरुवारीच ११.३०. शिवाय अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलतं आणि ब्रिटनमध्ये शेवटच्या, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे एकच वेळ बदललेली असते.

निळी_शाई

बरोबर. भिंतीवर लिहून लावण्यासारखं आहे.